पुलापलीकडची नोकरी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला कारखान्यात सगळे ‘भिंग’ म्हणत. काचेच्या बाटल्यांचा कारखाना, आणि हे तिथले तपासनीस. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पट्ट्यावरून येणारी बाटली उचलायची, दिव्यासमोर धरायची, नखाने टिचकी मारायची आणि बुडबुडा किंवा चीर दिसली की मागच्या पेटीत टाकायची. ही सवय घरी आल्यावर सुटत असेल असं समजू नका. ताईकडे पाण्याचा पेला कुणाच्याही हातात जायच्या आधी भाऊजींच्या नजरेखालून जायचा. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने पुढे केलेला सरबताचा ग्लास त्यांनी उजेडात धरला, टिचकी मारली आणि हा परत पाठवा म्हणून सांगितलं. माझी बायको ते अजून विसरलेली नाही आणि मलाही विसरू देत नाही.

मी श्रम कार्यालयात मोजणीदार. घरोघर जायचं, कोण काय काम करतं आणि कुठे जाऊन करतं ते विचारायचं, सांगतील ते रकान्यात भरायचं. भाऊजी म्हणायचे, तू माणसं मोजतोस खरा, पण एकालाही उजेडात धरून बघत नाहीस. मी ते हसण्यावारी न्यायचो. आमच्या कामात बघणं बसतच नाही. सांगितलेलं लिहायचं, हा नियम आहे, आणि नियम पाळणाऱ्याला निवृत्तीपर्यंत कुणी हात लावत नाही.

आमचं गाव नदीच्या अलीकडे, शहर पलीकडे आणि मध्ये पूल. गावात लोक शहराचं नाव घेतच नाहीत, नुसतं ‘पलीकडे’ म्हणतात. माझं कार्यालयही पलीकडेच. कारखाना मात्र अलीकडचा होता आणि अर्धं गाव त्याच्यावर पोसलेलं होतं. एका सोमवारी फाटकावर कागद लागला आणि भट्टी विझवली. काचेची भट्टी विझली की आतली काच थिजते, ती पुढे घण घालूनच काढावी लागते. त्यामुळे भट्टी विझली म्हणजे काय, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी मोजणी आली. ताईची गल्ली माझ्याकडेच होती. सख्ख्या बहिणीच्या घरात मी कागदांची फळी मांडीवर घेऊन बसलो आणि भाऊजींना परक्यासारखं विचारलं, मागच्या आठवड्यात कामाला कुठे गेलात?

"पलीकडे. गोदामात."

"काय म्हणून?"

"तपासनीस. मालाचा."

ताई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला इतका आनंद झाला की मी तो रकाना जरा सुवाच्य अक्षरात भरला. पन्नाशीच्या माणसाला सहा महिन्यांत, त्याच हुद्द्याचं काम! शेजारी गेलो तर शेजारचाही पलीकडे. त्याच्या शेजारचाही पलीकडे. गल्लीतल्या आठही घरांतले पुरुष पलीकडे कामाला होते. काय हिमतीचं गाव आहे आपलं, असं मनाशी म्हणत मी चहा पिऊन निघालो. अक्कल वाटली जात होती तेव्हा मी बहुधा दुसऱ्या रांगेत उभा होतो.

आता आमच्या साहेबांबद्दल. साहेबांकडे एक हिरवी पेन्सिल असते आणि भिंतभर नकाशा. कामकऱ्यांचा बाजार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ते त्या पेन्सिलीने ठरवतात. त्याची रीत अशी. एखाद्या गावातल्या शंभर कामकऱ्यांतले पंचवीस किंवा जास्त जर दुसऱ्या गावी कामाला जात असतील, तर दोन्ही गावं एकाच रेघेत घ्यायची. दोघांचं पोट एकाच बाजारावर भरतंय, मग दोन हिशेब कशाला? रीत वाईट नाही. फक्त ती माणसांच्या उत्तरांवर उभी आहे, आणि साहेब स्वतः पूल ओलांडतात तो नकाशावर, बोटाने. उंटावरून शेळ्या हाकायचं काम असलं तरी त्यांच्या शेळ्या निदान रेघेत असतात.

आमच्या गावात कामावर असलेली माणसं निघाली तीन हजार सातशे. त्यांतली अकराशे पलीकडे जाणारी. म्हणजे शंभरात जवळजवळ तीस. साहेबांनी हिरवी रेघ आमच्या गावाला वळसा घालून शहराभोवती फिरवली आणि आम्ही एका दुपारी शहरवासी झालो. घरबसल्या.

रेघेने काय होतं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण त्या वर्षी सरकार यंत्रदुरुस्तीच्या शाळा काढणार होतं. दोन वर्षं शिकवायचं आणि पुढे कामाला लावूनही द्यायचं. शाळा कुठे, तर ज्या रेघेच्या आत शंभरात दहापेक्षा जास्त बेकार आहेत तिथे. आमचं गाव ती शाळा आपल्यालाच मिळणार म्हणून कारखान्याची माल बांधायची शेड झाडून बसलं होतं. यादी आली. त्यात आमचं नाव नव्हतं, कारण आमचं गावच उरलं नव्हतं. शहर धरून जो मुलूख झाला त्यात बेकार निघाले शंभरात चार. शहरातली साठ हजार माणसं आणि आमची चार हजार. हंडाभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकल्यावर कुणाला चव लागणार? महिनाअखेरीला नकाशा छापायला जायचा होता. एकदा छापला की पाच वर्षं तसाच.

यादी वाचून आमचा न्हावी तडक कार्यालयात आला. त्याने साहेबांपुढे एकच मुद्दा मांडला. तुमच्या कागदावर गावात अकराशे माणसं शहरात नोकरीला आहेत. नोकरीवाला माणूस महिन्यातून एकदा तरी माझ्यापुढे मान खाली घालतो. गेलं वर्षभर माझी खुर्ची रिकामी आहे आणि गावातली निम्मी डोकी घरच्या कात्रीने कापलेली आहेत, ती मला लांबून ओळखू येतात. साहेबांनी ऐकून घेतलं आणि डोक्यांवरून आकडे ठरत नाहीत असं सांगितलं. पण न्हावी हलेना, तेव्हा त्यांनी मला पुलाच्या तोंडाशी उभं राहून जाणारी माणसं मोजायला पाठवलं.

मी तीन दिवस सकाळी उभा राहिलो. हातात डबा, अंगात धुतलेला शर्ट, घाईची चाल. बसने आणि पायी मिळून सरासरी एक हजार चौसष्ट. भाऊजी सात वीसला गेले, मला पाहून हातही केला. साहेब खूश झाले. "पाहिलंत? आकडा खरा आहे. तुमच्या न्हाव्याचा हात बिघडला असेल." मीही खूश झालो, माझी मोजणी बरोबर निघाली म्हणून. हे आता लिहायला लाज वाटते, पण झालो.

पुढच्या आठवड्यात मला कोर्टात जावं लागलं. आमच्या कार्यालयाच्या जिन्यावरून घरमालकाचा आणि आमचा दावा गेली अकरा वर्षं चालू आहे आणि दर तारखेला कुणीतरी कागद घेऊन जायचा असतो. मी दालनात शिरलो तर तिसऱ्या बाकावर भाऊजी. मांडीवर डबा, नजर न्यायाधीशांवर. दोन शेजाऱ्यांचा सामाईक भिंतीचा खटला चालला होता आणि भाऊजी त्यात इतके गुंतले होते की त्यांनी सरकून मला जागा दिली तरी मी कोण ते पाहिलं नाही.

मागच्या बाकावर मला त्यांच्याच कारखान्याचा भट्टीवाला दिसला. त्याच्यापलीकडे ताईचा शेजारी. कोपऱ्यात डबे घेतलेले आणखी पाच-सहा जण. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. वर्षभर भाऊजी जेवताना ‘पुरावा काय’ म्हणत होते, ‘हे ऐकीव झालं’ म्हणत होते, एकदा तर मीठ कमी आहे असं म्हटल्यावर ताईला ‘तुला बाजू मांडायची संधी आहे’ म्हणाले होते. गोदामातला माणूस असं कुठून शिकेल? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पुलावर उभा राहून कळसे मोजत होतो.

"सुट्टी आहे का आज?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नजर हलवली नाही. "सुट्टीला आधी नोकरी लागते," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "भिंत डावीकडच्याची आहे. पाण्याची मोरी बघितली असती तर पहिल्याच दिवशी निकाल लागला असता."

मग मधल्या सुट्टीत, कोर्टाच्या मागच्या नळापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. कारखाना बंद पडल्यावर पहिल्या आठवड्यात ते काम शोधायला म्हणून खरंच पलीकडे आले. चारपाच ठिकाणी वय विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. त्यानंतर काम मिळालं नाही हे घरी सांगायची हिंमत झाली नाही. कारखान्याने हिशेब चुकता करताना दिलेल्या पैशांतूनच ते दर महिन्याला ‘पगार’ म्हणून ताईच्या हातात ठेवत होते. रोज सकाळी गावातली कारखान्याची माणसं एकमेकांना ‘काय, कामाला?’ विचारत पूल ओलांडायची, ‘हो, आज उशीरच झाला’ म्हणत पांगायची, आणि मग कुणी दवाखान्याच्या बाकावर, कुणी वाचनालयात, कुणी स्टेशनच्या ओट्यावर दिवस काढायचं. कोर्टात पंखे आहेत म्हणून भाऊजींनी कोर्ट निवडलं. जागा ठरलेल्या होत्या. दुसऱ्याच्या जागी जायचं नाही आणि दिसला तर ओळख द्यायची नाही, एवढा शिष्टाचार सगळे पाळत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर भाऊजींच्या अंदाजाने चारशे-साडेचारशे मुठी होत्या, आणि त्यांनी मिळून एक अख्खं गाव नकाशावरून उडवलं होतं.

मी त्यांना रेघेचं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी बेकार असं खरं सांगितलं असतं तर आपल्या गावात शंभरात एकोणीस निघाले असते. तुम्ही ‘पलीकडे’ म्हणालात, त्यामुळे बेकार कमी झालेच, वर पुलावरून जाणारे वाढले, आणि रेघ सरकली. मी जबाब बदलू शकत नाही. ज्याने दिला त्यानेच महिनाअखेरीच्या आत आमच्या कार्यालयात सहा नंबरच्या खिडकीशी येऊन बदलायचा. मी तिथेच हातातल्या कागदामागे आकडेमोड करून पाहिली: दोनशे चौतीस माणसं आली तर रेघ मागे जाते. त्याहून एकही कमी चालणार नाही.

भाऊजी डब्याचं झाकण घासत होते. "कुणी आलं का?"

"कोण येईल? पहिला कुणालाच व्हायचं नाही."

ते झाकण उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "नवा साचा लावला ना, की पहिली बाटली फोडूनच बघायची असते," ते म्हणाले. "जाडी कळते. पहिली बाटली कधी विकत नाहीत." मग हळू आवाजात म्हणाले, "खिडकीवर मी बोलेन. तुझ्या ताईला तू सांग. ते मला जमायचं नाही."

मी त्याच दुपारी ताईकडे गेलो. वाटेत तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. पहिलं अर्धं झालं आणि तिने हातातली सुई खाली ठेवली.

"डबा घासून येतो रे," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं या माणसाने खरकटा डबा आणला. झाकण उघडून ठेवायचीही आठवण राहिली नाही कधी. आणि नोकरी बदलली म्हणे, अन् दुसऱ्या दिवसापासून डबा घासून, पुसून. कामावरच्या माणसाला एवढा वेळ असतो का?"

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली की ते सकाळी दाढी करून, कपडे करून निघत होते. तिने तोंड उघडलं असतं तर तेही बंद झालं असतं. म्हणून ती रोज डबा भरत राहिली आणि रोज संध्याकाळी घासलेला डबा पुन्हा एकदा घासत राहिली, त्यांना वाटावं की आपलं खपलं.

"आणि तू?" ती एकदम माझ्यावर घसरली. "तुझं तर कामच ते. समोर बसून विचारलंस, तोंडाकडे बघितलंस तरी का?" मी बघितलं नव्हतं. मी अक्षराकडे बघत होतो. तसं मी तिला सांगितलं आणि मला रडू आलं, चाळिशीच्या माणसाला शोभत नाही इतकं. तिने पाणी दिलं आणि बजावलं, तू त्यांना काही बोलू नकोस, त्यांचं त्यांना सांगू दे.

त्यांनी कसं सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुलावरून चालत आले, डबा ताईच्या हातात होता.

सहा नंबरच्या खिडकीवरच्या बाईंना ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळे त्या आलेलं प्रत्येक उत्तर खात्री करायला मोठ्याने परत म्हणतात. त्यांचा आवाज जिन्याच्या दाव्यातही पुरावा म्हणून चालेल. दालनात तीसेक माणसं होती. बाईंनी जुना जबाब काढला, वाचला, आणि बदल काय म्हणून विचारलं. भाऊजींचा हात खिडकीच्या कठड्यावर होता. ताई त्यांच्या मागे नव्हती, शेजारी उभी होती.

"बेकार," भाऊजी म्हणाले.

"बेकार?" बाईंनी सगळ्या दालनाला विचारलं.

"बेकार. चौदा महिने. आधी खोटं सांगितलं होतं, तेही लिहा."

बाईंनी कागद उलटसुलट केला. "खोट्याला रकाना नाही," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

त्या दिवशी एकटेच होते ते. पण तिथून निघाले ते सरळ कोर्टात गेले आणि भट्टीवाल्याच्या शेजारी जाऊन बसले, चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. मग दवाखाना, वाचनालय, स्टेशन. प्रत्येकाजवळ बसायचं आणि एवढंच म्हणायचं: मी सांगून आलो, मेलो नाही. काहींनी त्यांना ओळखलंच नाही असं दाखवलं. एकाने शिवी दिली. दुसऱ्या दिवशी सहा जण आले, तिसऱ्या दिवशी एकोणीस. मग न्हाव्याने दुकान बंद करून पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकली. घरच्या कात्रीने कापलेलं डोकं दिसलं की खुर्चीत बसवायचं, दोन मिनिटांत नीट करायचं आणि सहा नंबरला पाठवायचं. बेकार म्हणून नाव लिहायला जायचं तर निदान बरं दिसून जा, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या दिवशी दुपारी मी कागद मोजले. दोनशे एकेचाळीस. पुन्हा मोजले. या वेळी प्रत्येकाचा चेहरा आठवून मोजले.

साहेबांनी हिशेब तीनदा तपासला. गावातून पलीकडे जाणारे शंभरात पंचवीसच्या खाली आले होते, बेकार साडेतेरा निघाले होते. त्यांनी खोडरबर घेतला आणि रेघ मागे आणताना म्हणाले, "तुमच्या गावाला धड खोटंही बोलता येत नाही." मी हो म्हणालो. शाळा मंजूर झाली, कारखान्याच्याच शेडमध्ये.

प्रवेशाची यादी शाळेच्या दारावर लागली. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. भट्टीवाला होता, ताईचा शेजारी होता, मला शिवी दिल्यासारखं बघणारे चार जण होते. भाऊजी नव्हते. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात नियम होता: वय पंचेचाळीसपर्यंत. भाऊजी एक्कावन्न.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो, वाटेत साहेबांना, सरकारला आणि बारीक अक्षर छापणाऱ्यांना जे काही म्हणायचं ते म्हणत. भाऊजी जेवत होते, भर दुपारी, घरात, ताटात. मी यादीचं सांगितलं. ते शांतपणे घास संपवून म्हणाले की तो नियम पहिल्या जाहिरातीतही होता. वर्षभर कोर्टात बसलेला माणूस बारीक अक्षर आधी वाचतो.

"मग कशाला गेलात?" माझा आवाज चढला होता. "चारचौघांत, त्या बाईंच्या खिडकीवर?"

"सांगितलं होतं तुला," ते म्हणाले. "पहिली बाटली विकत नाहीत."

ते ताट घेऊन उठले आणि मोरीवर जाऊन स्वतःच घासायला लागले, ताईच्या देखत. मी ताईकडे पाहिलं. ती त्यांना अडवायला उठली नाही. त्यांनी ताट धुतलं, खिडकीतल्या उजेडात धरलं, तिरकं केलं आणि सवयीने कडेला टिचकी मारली. ताई जागेवरूनच पुढे वाकली आणि डोळे बारीक करून बघायला लागली.

"कडेला राहिलंय," ती म्हणाली. "परत पाठवा."